एकाच पोत्यातली माती

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही, उमरग्याच्या आक्काला नाही. देवीसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवीलाही नाही. मनात म्हटलं, तुला तर दिसलंच असेल. सात वर्षांपूर्वी नवरात्रात आमच्या घरच्या घटाची एक बाजू पिवळी पडून करपली. ती का करपली ते मला माहीत होतं, कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घट कुणाच्या विटाळानं करपला नाही. त्यात आमच्या बोक्यानं लघवी केली. आणि बोक्याला मातीत जायची सवय मी लावली होती, डॉक्टरच्या सल्ल्यानं, दीड महिना खपून.

एवढं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो.

आत्ता पितृपंधरवडा संपत आलाय. नळदुर्गात या दिवसांत हवेला एक वेगळाच खरखरीतपणा येतो. सोयाबीनच्या राशी चालू असतात, मळणी यंत्राची धूळ हैदराबाद रस्त्यापर्यंत येऊन ट्रकच्या काचांवर बसते. धरणाच्या वाटेला तरवड पिवळाजर्द होतो. कुंभाराच्या दारात काळी-तांबडी मडकी उलटी घालून ठेवलेली दिसायला लागतात. आणि माझ्या दुकानात मोटारी यायला लागतात. पावसाळाभर विहिरीत बुडून गप्प बसलेल्या मोटारी रब्बीच्या तोंडावर पहिल्यांदा चालू करतात, आणि मग त्यांतल्या निम्म्या जळतात. माझा धंदा तोच, जळालेली मोटार उघडायची, काळं झालेलं तांबं उपसून काढायचं आणि नवी तार भरायची. हा धंदा फार बोलायचा नाही. वेढे मोजत असताना कुणी बोललं की आकडा चुकतो. तीस वर्षं वेढे मोजून मोजून माझी बोलायची सवयच गेली, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती मला कधी नव्हतीच. धंदा नंतर सापडला.

दुकान रस्त्याला लागून, दुकानामागं मधली खोली, तिच्यात देवघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि परस. एवढंच घर. दुकानातून मधल्या खोलीत जायला एक दार आहे आणि त्या दाराला एक कडी आहे. ही कडी लक्षात ठेवा.

बोका आमच्याकडं कांद्याच्या ट्रकमधून आला. समोरच्या ढाब्यावर ट्रक थांबला, ड्रायव्हर जेवायला बसला आणि एवढंसं एक पिल्लू चाकामागून उतरून, रस्ता ओलांडून थेट माझ्या दुकानात आलं आणि एका रिकाम्या मोटारीच्या पोटात जाऊन झोपलं. ड्रायव्हरला हाक मारली तर तो म्हणाला, "आमचं न्हाय ते. कांद्याबरूबर आलं असंल." मी त्याचं नाव स्टार्टर ठेवलं, कारण तो दिवसभर भिंतीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर बसायचा. माझी बायको सुनंदा त्याला बोकोबा म्हणायची. आई त्याला बेनं म्हणायची. शेजारच्या शरणव्वा कन्नडात बेक्कू म्हणायच्या. तो चारही नावांकडं सारखंच दुर्लक्ष करायचा.

वर्षभरात स्टार्टर अंगानं भरला, गालफडं रुंद झाली, आणि आषाढात एक दिवस तो गॅसच्या सिलिंडरला पाठ करून उभा राहिला, शेपूट ताठ वर केली, आणि ती शेपूट, थ्री फेजची मोटार चालू होताना जशी जागच्या जागी थरथरते, तशी थरथरली. मला वाटलं, बोका लाडात आलाय. मग वास आला.

तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. एवढंच म्हणतो, की आमच्या दुकानात वार्निशचा वास असतो. तो डोक्यात जातो, पण निदान सरळ माणसासारखा समोरून येतो. हा वास मागून येतो. तुम्ही जेवायला बसता, पहिला घास घेता आणि तो हळूच खांद्यावर हात ठेवतो.

सिलिंडरनंतर पिठाचा डबा झाला. मग आईचा पितळी तांब्या. मग शेतकऱ्यांच्या मोटारी. खुदावाडीकडचा एक शेतकरी भरलेली मोटार घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला.

"मिस्त्री, मोटार झकास चालूलालीय. पर एक इचारू का?"

"इचारा की."

"वार्निश कंचं लावलाव ओ? घरची माणसं म्हनूलाल्यात, हिरीत काय तरी मेलंय."

मी म्हटलं, नव्या कंपनीचं आहे, आठ दिवसांत जाईल. खोटं बोलायची माझी ही पहिली वेळ नव्हती, पण बोक्यासाठी पहिलीच.

घरात इलाज सुरू झाले. आईनं बाटलीत निळीचं पाणी भरून दारात ठेवलं. आमच्या गल्लीत प्रत्येक फाटकाशी अशी बाटली असते, कुत्री तिला बिचकतात म्हणे. स्टार्टरनं ती बाटली हुंगली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांत आधी तिलाच भिजवलं. शरणव्वांनी हिंग सांगितला. हिंगाचा वास आणि त्याचा वास एकत्र झाल्यावर आई दोन दिवस परसात जेवली. मी फिनेल ओतलं, रोज, बादलीभर. जिथं फिनेल ओतावं तिथं तो दुसऱ्या दिवशी हटकून यायचा, नेमून दिल्यासारखा.

"ह्येला पोत्यात घाल आन् जळकोटच्या पुढं सोडून ये," आई म्हणाली.

"आत्याबाई, मुका जीव हाय, त्याला काय कळतंय," सुनंदा म्हणाली. तिची बाजू घ्यायला मी काही बोललो का? नाही. मी तार मोजत होतो.

शेवटी मी त्याला एका खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माझ्या पुढं सहा शेळ्या, मागं एक म्हैस. रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी असे रकाने होते. शिपायानं बराच वेळ पेन हवेत धरलं आणि शेवटी त्याला कोंबडीत लिहिलं. म्हणाला, "वजनानं जवळ हाय."

डॉक्टर तरुण होते आणि शेळ्यांनी कंटाळलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, तो मुतत न्हाय. सातबाऱ्यावर नाव लावूलालाय."

"म्हंजी?"

"ह्या भिंतीवर, त्या दारावर, मोटारीवर. तुमचं घर आता त्याच्या नावावर हाय. तुमी कूळ."

"मग नाव काढायचं कसं?"

"खच्ची करायचा. आन् फिनेल आजच्या आज बंद. फिनेल ओतलं की त्याला वाटतं कुणी तरी येऊन आपल्या नावावर खाडाखोड करून गेलं. तो परत लावतो. साध्या पाण्यानं धुवा, खायचा सोडा चोळा, ऊन लागू द्या." मग त्यांनी बोट वर केलं. ते बोट मला अजून दिसतं. "आन् त्याला त्याची एक जागा द्या. घमेल्यात माती. एकदा जी माती लावाल ती बदलायची न्हाय, आन् घमेलं एकाएकी हलवायचं न्हाय. मांजर जागा मातीवरनं ओळखतं."

ऑपरेशन त्यांनी त्याच आठवड्यात केलं. आधी सांगितलं, "बोकडं रोज करतो, पण ह्या मापाची सवय न्हाय मला." तरी नीट झालं. स्टार्टर दोन दिवस माझ्याकडं पाठ करून बसला.

मग माझी खरी मेहनत. आधी घमेल्यात बांधकामावरची वाळू टाकली. त्यानं पंजा लावला आणि झटकला. सुताराकडचा भुसा टाकला. त्यात तो झोपला. मुरूम टाकला तर नुसता बघत राहिला. शेवटी आमचं दोन एकर वावर आहे बोरी नदीच्या अंगाला, तिथली काळी माती आणली, चाळली, जरा ओलसर केली. स्टार्टर घमेल्यात चढला. हुंगलं. पुढच्या पायानं खड्डा केला. दोनदा गोल फिरला. बसला आणि डोळे अर्धे मिटले. मी हातातली तार खाली ठेवली आणि अगदी खरंच हात जोडले. नंतर त्याला दुधात भिजवलेली भाकरी दिली. रोज असंच, झालं की भाकरी.

सुनंदा दारातून बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "आपल्या लेकीच्या वक्ताला एवढं कौतुक केलं व्हतं का हो कधी?"

आई म्हणायची, "माणसाला घरात बसायला जागा न्हाय आन् मांजराला संडास."

भादवा संपेपर्यंत स्टार्टरनं भिंती सोडल्या. महिनाभरात एकदाच चुकला, तेही पिठाच्या डब्यावर, जुन्या ओळखीनं. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. आयुष्यात एवढं सरळ यश मला दुसऱ्या कशात आलेलं नाही.

आता घटाकडं येतो. इतका वेळ बोक्यावर घालवला, कारण बोक्यावर बोलणं सोपं आहे.

आमच्या भागात नवरात्र म्हणजे काय हे आमच्या भागातल्याला सांगायला नको. तुळजापूरला जाणाऱ्यांच्या अनवाणी रांगा दारावरून जातात, आई नऊ दिवस पायात चप्पल घालत नाही, खाटेवर निजत नाही, भगरीवर राहते. घट बसवायचा म्हणजे पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, तिच्यात सात धान्यं पेरायची, मधोमध पाण्यानं भरलेलं मडकं ठेवायचं आणि रोज वरून फुलांची एक माळ सोडायची. नऊ दिवसांत मडक्याभोवती शेत उभं राहतं. ते कसं येतं त्यावरून आमच्याकडं बायका घराचं सगळं वाचतात.

ही पेरणी सुनंदा करायची. ती परंड्याकडची. तिच्या आईनं तिला लहानपणी शिकवलं होतं. इतर घरांत सातही धान्यं एकत्र कालवून मूठभर फेकतात. सुनंदा वेढे घालायची. सगळ्यांत बाहेर गहू, त्याच्या आत ज्वारी, मग करडई, हरभरा, मूग, जवस, आणि मडक्याला अगदी चिकटून तीळ. चिमटीतून एक एक दाणा. मी तार भरतो तसंच, पण माझ्यापेक्षा सफाईनं. सहाव्या-सातव्या माळेला ते उगवून आलं की एकात एक हिरव्या बांगड्या बसवल्यासारखं दिसायचं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. आई दाराशी बसून सांगायची, "आमच्या सुनंदाचा हात म्हंजी पाभर हाय पाभर, दाणा वळीतच पडतो." सुनंदाच्या तेव्हा कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. वर्षातून एकदा व्हायच्या.

घटाची माती आणणं माझ्याकडं. त्या वर्षी अमावस्येच्या आदल्या दिवशी मी वावरात गेलो. घमेल्यातली मातीही बदलायला झाली होती. डॉक्टरांनी बजावलेलं होतं, मातीचा प्रकार बदलायचा नाही. मी एक पोतं भरलं, बांधाजवळच्या एकाच जागेवरून, आणि घरी येऊन अर्धं घमेल्यात ओतलं, अर्धं सुनंदाच्या पुढ्यात. पोतं एक, माती एक, चाळणी एक. एका फेरीत दोन कामं झाली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

घट बसला त्या दिवशी आईनं हुकूम काढला. "नऊ दिस ते घमेलं घराबाहिर. आन् बेनं दुकानात. दाराला कडी. देवीच्या खोलीत पाय पडता कामा न्हाय त्याचा." बरोबरच होतं तिचं. मी घमेलं दुकानाच्या कोपऱ्यातून उचलून परसात ठेवलं. डॉक्टरांचं बोट आठवलं का? आठवलं. पण बाहेरनं वळसा घालून जाईल तो तिकडं, नऊ दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं.

तिसरी माळ. दुपारची वेळ. आई आणि शरणव्वा देवळात गेलेल्या, सुनंदा चौथ्या माळेसाठी तरवडाची फुलं आणायला धरणाकडं. शेतीची लाइन आली म्हणून मी एक मोटार टेस्टला लावली, आणि तहान लागली म्हणून कडी काढून आत गेलो. पाणी प्यालो. तेवढ्यात दुकानात कुणी तरी हाक मारली, मी धावत बाहेर आलो, आणि कडी राहिली. गिऱ्हाइकाशी बोलून दहा मिनिटांनी आत डोकावलो.

स्टार्टर घटावर बसला होता. मडक्याच्या भिंतीकडच्या बाजूला, पाठ सरळ, डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर तोच गंभीरपणा, जो माझ्या घमेल्यात बसताना असायचा. माझ्याकडं त्यानं पाहिलं, आणि त्या नजरेत जराही चोरटेपणा नव्हता. होती ती अपेक्षा. दुधातल्या भाकरीची.

मी त्याला मधेच उचललं नाही. आता वाटतं, उचलायला हवं होतं. पण इतके दिवस शिकवल्यावर मधेच उठवायला हात धजला नाही. त्याचं झालं. मग त्यानं पुढच्या पायानं तीन बाजूंनी माती ओढली आणि नीट झाकलं. माळेला धक्का लागू दिला नाही. मी त्याला दुकानात टाकलं, कडी लावली, परत आलो आणि उकरलेली माती बोटानं सपाट केली. त्यानं आपलं झाकलं, मी त्याचं झाकलं. फरक एवढाच, की त्यानं झाकलं ती त्याची रीत होती.

बसलेला घट हलवत नाहीत. सांगितलं असतं तर घट मोडला असता, आईची इतक्या वर्षांची सलग नवरात्रं मोडली असती, आणि बोका त्याच संध्याकाळी जळकोटच्या पुढं गेला असता. म्हणून मी गप्प बसलो. इथपर्यंतचं माझं मला अजूनही फारसं टोचत नाही. धूप होता, ऊद होता, तेलाचा दिवा होता, आणि दोन महिन्यांत आमच्या घराचं नाक त्या वासाला सरावलेलं होतं. मला वाटलं, जिरून जाईल.

सहाव्या माळेला तीन बाजूंनी गहू-ज्वारी बोटभर वर आली होती. भिंतीकडची बाजू पिवळी पडून आडवी झाली होती.

पहिल्यांदा शरणव्वांनी पाहिलं. "अय्यय्यो, हे तर करपलंय की."

आई जवळ गेली, वाकली. मग हाक मारली. "सुनंदा, इकडं ये."

सुनंदा ओल्या हातानं आली.

"तुझी तारीख कवा हाय?"

"अजून पंधरा दिस हायत, आत्याबाई."

"मागल्या महिन्यात मागं-पुढं झालं व्हतं न्हवं?"

"झालं व्हतं. आता न्हाय."

"बघ आठवून."

"आठवून बघितलं. न्हाय."

"मग हे आपोआप झालं व्हय?"

शरणव्वा भिंतीकडं बघायला लागल्या. सुनंदाचं तेव्हा वयच असं होतं, की शरीराचं वेळापत्रक तिचं तिलाही नक्की ठाऊक नसायचं. हे मला माहीत होतं. आईला माहीत होतं. आणि आता शरणव्वांमुळं गल्लीला होणार होतं. सुनंदानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी उंबऱ्यावर भगरीचं ताट घेऊन बसलो होतो आणि माझ्या तोंडात घास होता. तोंडात घास होता म्हणून बोललो नाही, हे कारण मी स्वतःला सात वर्षं देत आलोय. भगर काही एवढी चावायला लागत नाही.

"तू आता लांबच बस," आई म्हणाली. रागानं नाही, थकून म्हणाली. "माझं काय न्हाय. देवीचं हाय."

पुढचे दिवस सुनंदा दुकानात बसली. तिचं ताट तिथं, पाण्याचा तांब्या तिथं, तोच तो पितळी, स्टार्टरनं पावन केलेला. मोटारींच्या मधे रिकामं पोतं अंथरून ती जळकी तार आणि चांगली तार निवडून वेगळी करायची, आणि स्टार्टर तिच्या मांडीवर झोपायचा. तेच पोतं, ज्यातून मी माती आणली होती. मी समोर बसून वेढे मोजायचो. त्या दिवसांत मी भरलेल्या तिन्ही मोटारी दसऱ्यानंतर परत आल्या. तिन्हींत वेढे कमी.

दसऱ्याला घट हलवला. आमच्याकडं घटाचं धान गडीमाणसं टोपीत खोवतात, बायका केसात माळतात. आईनं हिरव्या बाजूचा गहू उपटून माझ्या टोपीत खोवला. मी सोनं वाटत गल्लीभर फिरलो. ऊन होतं, डोक्याला घाम आला, धान जरा तापलं. शरणव्वांचे मालक नमस्काराला वाकले आणि सरळ होता होता माझ्या टोपीकडं बघून थांबले. "मिस्त्री, वार्निशचं काम लई हाय वाटतं सध्या."

सुनंदाला धान मिळालं नाही. तिनं मागितलंही नाही. त्या संध्याकाळी तिनं स्टार्टरला जेवू घातलं, रोज घालायची तसंच.

पुढच्या वर्षीपासून पेरणीला उमरग्याहून आक्का यायला लागली. माझी थोरली बहीण. आक्काचा हात जड, ती मूठभर घेऊन कोंबड्यांना टाकावं तसं टाकते. घट उगवतो, पण एका ठिकाणी दाट, एका ठिकाणी टक्कल. आई म्हणते, "औंदा पाऊसच तसा व्हता." गल्लीतल्या बायका बघायला येत नाहीत. सुनंदा घर सारवते, भांडी घासते, फुलं आणते आणि माळ ओवून आक्काच्या हातात देते. स्वतः उंबऱ्याच्या अलीकडं थांबते. आता तर तिचं ते सगळं वयानं केव्हाच थांबलंय. तारखेचा प्रश्न उरला नाही. पण एकदा अलीकडं थांबलेलं माणूस पलीकडं ये म्हटल्याशिवाय येत नाही, आणि ये म्हणायला कुणाला तरी आधीचं खोडावं लागतं.

डॉक्टरांचं खाडाखोडीचं बोलणं मला फार वेळा आठवतं. डाग फिनेलनं जात नाही. मीही सात वर्षं फिनेलच ओतत आलो. एका वर्षी तिला पैठणी घेतली. एका वर्षी, न मागता, नवा मिक्सर. ती म्हणाली, "बरं हाय." मिक्सर चालू केला तेव्हा त्याच्या आवाजात मला तेवढाच वेळ बरं वाटलं.

स्टार्टर अजून आहे. म्हातारा झालाय, स्टार्टरच्या पेटीवर आता चढता येत नाही, खाली तिच्या सावलीत झोपतो. घमेलं परत दुकानाच्या कोपऱ्यात, त्या वर्षानंतर जागचं हललेलं नाही. नवरात्रातही नाही, आईला आता तिथपर्यंत दिसत नाही.

आणि यंदा आक्काचे गुडघे गेले. परवा तिचा फोन आला, खाली बसताच येत नाही म्हणाली. फोन ठेवून आई देवघरासमोर जाऊन बसली. डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापतो. दाणा चिमटीत धरला तरी पडतो कुठं ते तिला दिसत नाही.

"मग औंदा घट कोण पेरंल?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. खोलीत मी होतो, आणि उंबऱ्याच्या अलीकडं सुनंदा तांदूळ निवडत होती. सुनंदाचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"न्हाय बसवला एक वर्ष तर देवी काय म्हनंल?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "बघू." सात वर्षांनी तोंड उघडलं, ते एवढ्यासाठी.

काल सकाळी मी वावरात जायला निघालो. आक्का येवो न येवो, माती आणणं माझ्याकडं आहे. गाडीला किक मारली तेवढ्यात सुनंदा दुकानाच्या दारात आली. हातात दोन पिशव्या होत्या, खताच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या. स्टार्टर तिच्या पायाला अंग घासत होता.

"औंदा माती दोन पिशव्यांत आना," ती म्हणाली. "एक घटाची, एक मांजराची. आन् वेगवेगळ्या बांधावरनं आना."

मी गाडी बंद केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. बाजारातून मीठ आणा म्हणावं, तशी म्हणाली होती. मी गाडी स्टँडला लावली.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पिवळं पडलं त्या दिशी. मी काय वास वळखत न्हाय व्हय? दोन महिने मीच धूत व्हते की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताव का बघत व्हते." ती आत वळली, मग थांबली. "मला सांगून काय करताव आता. मला ठावं हाय. ज्येला ठावं न्हाय त्येला सांगा."

मी वावरात गेलो. एक पिशवी नदीकडच्या बांधावरून भरली, दुसरी चिंचेकडच्या. दोन्ही दुकानाच्या दाराशी ठेवल्यात. घट बसायला अजून चार दिवस आहेत. आई मधल्या खोलीत बसलेली आहे, दिसत नसलं तरी तिला ऐकू अगदी नीट येतं. मधल्या दाराची कडी मी काढलेली आहे, पण अजून आत गेलेलो नाही.

आईच्या समोर, सुनंदा ऐकत असताना आणि जमलं तर शरणव्वाही तिथं असताना, मला एवढंच सांगायचं आहे: त्या वर्षी घट बोक्यानं नासला, कडी मी उघडी ठेवली होती, मी पाहिलं होतं, आणि सुनंदाचा त्यात काही दोष नव्हता. हे मी अजून बोललेलो नाही. तेवढं माझं देणं आहे.